ढमीची दाढ

४ फेब्रुवारी

चि. खारूताई हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा पाय प्लास्टरमध्ये आहे हे कळून वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, थोडं हसूही आलं. आयुष्यभर बैलांच्या न् घोड्यांच्या लाथा चुकवल्यास आणि पडलीस कुठे, तर स्वतःच्याच दवाखान्याच्या पायरीवरून! आता गुपचूप बसून राहा. तुझ्या त्या मिशाळ बोक्याला, फौजदाराला, मालकिणीवर पहारा ठेवायला सांग.

मी फोन का उचलत नाही म्हणून शेजाऱ्यांकरवी विचारलंस. अगं, उचलून करू काय? कानातलं यंत्र लावलं की शिट्ट्या वाजतात, काढलं की सगळं सामसूम. पहिलं हॅलो तेवढं कळतं, पुढचं अंदाजपंचे. परवा विमावाल्याचा फोन आला, तर मी त्याला माझ्या गुडघ्याची सगळी हकिगत सांगून मोकळा झालो. तेव्हा आपली पत्रंच बरी. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण निदान ते मला ऐकू तरी येतं.

मी ठीक आहे. दातांचा दवाखाना बंद केला तरी हात शिवशिवतात. माणसं काही आता माझ्यापुढे तोंड उघडत नाहीत, म्हणून ढमीला धरलंय. तू जनावरांची डॉक्टर, पण तुझ्या वहिनीच्या या लाडक्या कुत्रीचे दात मीच बघतो बरं का. रोज सकाळी माझ्याच पेस्टने घासतो. मागच्या महिन्यात दातांवरचं पिवळं किटण माझ्या जुन्या हत्यारांनी खरवडून काढलं. मांडीवर डोकं ठेवून पडली होती, हूं की चूं नाही. आता दात असे पांढरेशुभ्र दिसतात की दवाखाना चालू असता तर त्याच्या पाटीवर तिचाच फोटो लावला असता. शिवाय खाटकाकडून एक दणकट हाड आणून दिलंय, तेवढाच दातांना व्यायाम. फक्त उजव्या डोळ्याखाली जराशी सूज आहे. काहीतरी चावलं असावं. डोळ्यात थेंब घालतो, सूज उतरते आणि पुन्हा येते. चांगलं औषध असेल तर कळव.

आणखी एक सांगायचं होतं. तुझी वहिनी होती तेव्हा ढमी रोज सकाळी दाराजवळच्या तिच्या निळ्या सपाता एकेक करून पलंगापाशी आणायची, तुला माहीतच आहे. ही गेली, तरी ढमीने नेम सोडला नाही. पलंगाच्या हिच्या बाजूला सपाता आणून ठेवायची आणि वाट बघत बसायची. मी त्या झोपण्याआधी पुन्हा दाराशी ठेवायचो. दीड वर्ष आमच्या दोघांचा हाच उद्योग होता. जानेवारीत एक दिवस ती सपातेपाशी गेली, हुंगली आणि तशीच परत आली. दुसऱ्या दिवशीही तेच. आता तर बघतही नाही. जनावरच ते, किती दिवस लक्षात ठेवणार? आठवडाभर वाट बघून मी सपाता हिच्या कपाटात टाकून दिल्या. या घरात आता तिची आठवण काढणारा मी एकटाच उरलो. मन जरा खट्टू झालं, इतकंच.

पाय सांभाळ. लोभ आहेच, पाय बरा झाला की इकडे ये.

तुझा,
दादा

१० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि पाय धड असता तर तशीच निघाले असते. दादा, ते थेंब आधी बंद कर. डोळ्याला काहीही झालेलं नाही.

तू तिच्या तोंडात माणसाचं तोंड बघतोयस. माणसाच्या दाढेची मुळं कुठे संपतात ते मी तुला काय सांगू? पण कुत्र्याची वरची मोठी दाढ असते ना, मागची, हाड फोडायची, तिची मुळं वर थेट डोळ्याखाली जातात. तिथे पू झाला की सूज डोळ्याखाली येते. आमच्याकडे आठवड्याला एक तरी कुत्रं डोळा सुजला म्हणून येतं आणि दाढ काढून घरी जातं.

तेव्हा उजेडात बसव, उजवा ओठ वर उचल आणि ती दाढ बाहेरच्या बाजूने नीट बघ. तडा गेलाय का, टवका उडालाय का? ती एकाच बाजूने चावते का? घास तोंडातून पडतो का? तोंड पायाने घासते का? आणि तोंडाला वास येतो का ते हुंग. माणसांची तोंडं हुंगून तुझं नाक मेलं असेल, तरी हुंग.

आता रागावते, कारण मोठ्या भावावर रागवायची संधी पुन्हा पुन्हा येत नाही. माणसाची पेस्ट तिला अजिबात लावायची नाही. तिला काय चूळ भरता येते? सगळं पोटात जातं, आणि काही पेस्टमधली साखरेच्या बदली घातलेली गोडी कुत्र्यांना विषासारखी आहे. दणकट हाडही फेकून दे. जे तुझ्या नखाने जरासुद्धा दबत नाही, ते तिच्या दाताला द्यायचं नाही. आणि ते खरवडणं! दिसतं तेवढं किटण काढलंस, रोग हिरडीच्या खाली असतो. पेशंटांना उभा जन्म हेच ऐकवलंस ना रे? वरून पांढरं केलंस आणि खालचं कुणाला दिसेनासं झालं.

सपातांचं वाचून मात्र रडू आलं. दादा, ढमी वहिनींना विसरलेली नाही. ज्याची दाढ ठणकते त्याला तोंडात काही धरवत नाही. कापडी सपातसुद्धा नाही. ती हुंगायची आणि परत यायची असं तूच लिहिलंयस. विसरलेलं कुत्रं हुंगायला जात नाही.

तुमच्या चौकातल्या जनावरांच्या दवाखान्यात जी डॉक्टरीण आहे ती माझ्या हाताखाली शिकलेली आहे. तिला मी कळवलंय. एक्स-रे काढावा लागेल, आणि बहुतेक पूर्ण भूल देऊन दाढ काढावी लागेल. ताबडतोब जा.

राग आला तर येऊ दे, पण लोभ कमी करायचा नाही.

तुझी,
खारूताई

१५ फेब्रुवारी

चि. खारूताई हिस,
आशीर्वाद, जरा रागातच.

ओठ वर केला. दाढेचा बाहेरचा अख्खा टवका उडालाय, आतला लालसर ठिपका दिसतोय. तो माझ्या नजरेतून कसा सुटला? समोरचे सुळे चकचकीत झाले म्हणून स्वतःवरच खूश होतो, मागे कोण बघतंय! वासही येतो. घास पडतो तेही खरं. मला वाटलं वयामुळे धांदरट झाली. हाड मीच आणलं होतं. ते आता कचऱ्यात गेलं आणि पेस्ट माझ्यापुरती राहिली.

चौकात गेलो होतो. तुझी डॉक्टरीण चांगली आहे, माझ्याशी तोंड समोर ठेवून सावकाश बोलते. तीही भूल द्यावी लागेल म्हणाली. मी नाही म्हणून सांगितलं आणि ढमीला घेऊन परत आलो.

मला समजावायला बसू नकोस. मी उभ्या आयुष्यात दाढा उपटल्या त्या जागेपुरती सुई देऊन. पेशंट जागा, गप्पा मारतोय, रुमाल धरून घरी जातोय. ढमीलाही तसंच करा. मी तिचं डोकं धरतो. माझ्या हातात ती हलत नाही.

तू विचारशील की घाबरतोस कशाला, म्हणून सांगूनच टाकतो. तुझ्या वहिनीला आत नेलं तेव्हाही सगळे म्हणाले होते की नेहमीचंच ऑपरेशन आहे. मी बाहेर बाकावर तिची पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो, आणि ती बाहेर आलीच नाही. ढमी अकरा वर्षांची आहे. ती आतून परत आली नाही तर मी या घरात कुणासाठी कुलूप उघडू? पुन्हा कुणाला आत पाठवून बाहेर बसायची माझी छाती नाही. हसायचं तर हस.

फौजदाराला कान खाजवून दे.

तुझा,
भित्रा दादा

२० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हसले नाही. पत्र दोनदा वाचलं आणि फौजदाराला जवळ घेऊन बसले. त्याला ते आवडलं नाही, पण बसला.

भूल देण्यात धोका नाही असं मी तुला सांगणार नाही. धोका असतो. म्हणून आधी तिचं रक्त तपासतील, हृदय ऐकतील, आणि भूल असेपर्यंत एक माणूस फक्त तिच्या श्वासावर लक्ष ठेवून बसेल. माझ्या टेबलावर याहून म्हातारी कुत्री निजली आहेत आणि उठून मला चावली आहेत.

पण जागेपणी नाही, दादा. तुझ्या पेशंटला आ करा म्हटलेलं कळायचं. दुखलं तर हात वर करायला तू सांगून ठेवायचास. ढमीने कुठला पाय वर करायचा? त्या दाढेला तीन मुळं असतात, ती फोडून एकेक काढावी लागते. तू डोकं धरशील आणि ती हलणारही नाही, कारण धरणारा तू आहेस. खरवडतानाही म्हणूनच गप्प पडली होती. दुखत नव्हतं म्हणून नव्हे.

हेच तुला समजायला हवंय. कुत्री-मांजरं दातदुखी सांगत नाहीत. जेवतात, शेपूट हलवतात, आपल्याला वाटतं सगळं आलबेल. फौजदाराच्या हिरड्या लाल भडक झाल्या होत्या तेव्हा मी, जनावरांची डॉक्टर, त्याला नखरेल म्हणत होते. वाटीपाशी जायचा, फिस्कारायचा आणि पळायचा. मला वाटायचं जेवण आवडलं नाही, आणि तो बिचारा दुखण्यावर फिस्कारत होता.

तुझी भीती खरी आहे, तिच्यावर माझ्याकडे औषध नाही. पण ती तुझी आहे, आणि दाढ ढमीची आहे. तुझ्या भीतीपायी तिने रोज ठणका सोसायचा, हे तुलाच पटणार नाही. मी आले असते तर बाकावर तुझ्या शेजारी बसले असते. नाही येऊ शकत याचं इतकं वाईट वाटतंय की प्लास्टर फोडावंसं वाटतं.

लोभ तसाच ठेव. जमलं तर माझं ऐक, आणि नाही जमलं तरी ऐकच.

तुझी,
खारूताई

३ मार्च

चि. खारूताई हिस,
भरभरून आशीर्वाद.

ढमी माझ्या पायाशी घोरतेय. आधी हे लिहिलं, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

पत्र आल्यावर दोन दिवस ते उशीखाली दडवून ठेवलं. मग ढमी वाटीपाशी जाऊन नुसती उभी राहिली, तोंड घालेना, आणि माझ्याकडे बघून शेपूट हलवली. मला राहवलं नाही. तसाच पट्टा बांधला आणि तारीख घेऊन आलो.

त्या दिवशी मदतनिसाने तिला आत नेलं आणि मी बाकावर बसलो. हातात तिचा पट्टा. आयुष्यभर माझ्या दाराबाहेर लोक असे बसले आणि मला आत कधी कळलं नाही की बाहेर इतका वेळ होतो. शेजारी एक बाई टोपलीत मांजर घेऊन बसल्या होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी काहीतरी विचारलं. मी कानाकडे बोट केलं. मग त्यांनी असा काही आवाज लावला की रस्त्यावरची माणसं आत डोकावली. त्यांच्या मांजरीचे झाडून सगळे दात काढलेत म्हणे, हिरड्यांच्या दुखण्याने, आणि तेव्हापासून ती दुप्पट जेवते आणि घरात कुणाचं काही चालू देत नाही. मी टोपलीत वाकून बघितलं. मांजरीने माझ्याकडे असं बघितलं की जणू फी मीच बुडवली आहे. मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. त्या बाई भल्या, काही न विचारता त्यांनी टोपली माझ्या मांडीवर ठेवली. ढमी बाहेर येईपर्यंत ते धूड माझ्या मांडीवर होतं.

दाढ काढली, आणि शेजारच्या दोन लहानही. डॉक्टरणीने एक्स-रे दाखवला. खारूताई, मी पांढरेशुभ्र केलेल्या दातांखाली हाड खाल्लं गेलं होतं. मी ओठ चावून बघत राहिलो. टाके मात्र असे सुरेख घातलेत की मीसुद्धा नाव ठेवणार नाही. पूर्ण भूल देऊन वर तिने जागेपुरती सुईही दिली होती, म्हणजे उठल्यावर ठणकू नये म्हणून. एकूण तुझंही झालं आणि माझंही झालं.

शुद्धीवर येताना ढमीने मला ओळखलं नाही. मग नाक माझ्या बाहीत खुपसलं आणि एक लांब उसासा सोडला. माझा जीव भांड्यात पडला. आता मऊ खाणं चालू आहे. मीही तेच खातो, वेगळं कोण करत बसतंय.

लोभ वाढला आहे, घटायची चिन्हं नाहीत.

तुझा,
दादा

८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र छातीशी धरून घरभर लंगडले. फौजदार मागोमाग लंगडल्यासारखा चालला, नकलाकार मेला. त्या टोपलीवाल्या बाईंना माझा नमस्कार सांग, त्या पुन्हा भेटतील तेव्हा.

टाके विरघळून डॉक्टरीण हो म्हणाली की घासायला लाग, पण कुत्र्यांच्या पेस्टने. ती मटणाच्या चवीची मिळते, तेव्हा तू चाखून बघू नकोस. पहिले काही दिवस नुसतं बोटाला लावून चाटू दे. मग बोटाला मऊ फडकं गुंडाळून, मग ब्रश. बाहेरची बाजू घासलीस तरी पुष्कळ, आतली ती जिभेने बघून घेते. तिने तोंड फिरवलं की थांबायचं. आणि वर्षातून एकदा तिच्या दातांची तपासणी डॉक्टरणीकडे करायची, तुझ्याकडे नाही.

लोभ पोहोचला, परतफेड सोबत पाठवते आहे.

तुझी,
खारूताई

२८ मार्च

चि. खारूताई हिस,
अनेक आशीर्वाद.

ढमी ठणठणीत आहे. सूज गेली, वास गेला. दोन्ही बाजूंनी चावते. पेस्ट इतकी आवडते की ब्रश दिसला की स्वतः येऊन बसते. मी चाखली नाही. (थोडी चाखली. वाईट नाही.) काल तर तिने चेंडू तोंडात धरून घरभर पळवला आणि मला गुडघ्यासकट पळवलं. म्हणजे धरण्याचा त्रास आता काही उरला नाही.

म्हणूनच लिहितो. दाढेचं तुझं सगळं खरं ठरलं, पण सपातांचं नाही. रोज सकाळी मी डोळे मिटून पडून राहतो, वाटतं आज येईल. येत नाही. चेंडू धरते, मोजा पळवते, पण सपाता काही आणत नाही. तेव्हा विसरलीच ती. मी आता मनाशी मान्य केलंय. जनावराला कशाला दोष द्यायचा, दीड वर्ष तिने धरून ठेवलं तेच खूप झालं. पण तुझ्या पत्राने मला पुन्हा आशा लागली होती आणि आता दुसऱ्यांदा वाईट वाटतंय, हे तुला सांगून ठेवतो.

बाकी एक नवीन कटकट. हिच्या कपाटात उंदीर शिरलाय बहुतेक. ढमी सकाळी उठली की थेट तिथे जाऊन बसते आणि दार ओरबाडते. मी हाकललं तरी हटत नाही, माझ्याकडे बघते आणि पुन्हा ओरबाडते. पॉलिशची पार वाट लावली आहे. उंदीर शोधायलासुद्धा मी ते उघडलेलं नाही, हिच्या साड्या बघवत नाहीत. पुढच्या सोमवारी सुताराला बोलावलंय, खालची फट पट्टी ठोकून बंद करून टाकेल.

प्लास्टर कधी निघतंय? लोभ आहे, जरासा उदास आहे एवढंच.

तुझा,
दादा

१ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दादा, अरे माझ्या भाबड्या दादा, सपाता कुठे आहेत? तूच पहिल्या पत्रात लिहिलं होतंस की कपाटात टाकल्या. मग ती आणणार कुठून रे? ती रोज सकाळी तुला दार उघड म्हणतेय आणि तू सुताराला बोलावतोयस!

हे पत्र मिळाल्या मिळाल्या कपाट उघड. एकट्याने बघवत नसेल तर तिला शेजारी उभी कर. पण उघड.

घाईत आहे, शेजारच्या मुलीला टपालात टाकायला पळवतेय. लोभ सगळाच्या सगळा.

तुझी,
खारूताई

५ एप्रिल

चि. खारूताई हिस,
आशीर्वाद. किती ते मोजू नकोस.

पत्र काल दुपारी आलं. वाचलं आणि कपाळावर हात मारला. इतका कसा गं मी ठोंब्या? ढमी नेहमीप्रमाणे कपाटापाशी पसरली होती. मी गेलो तशी उठून उभी राहिली. दार उघडलं. हिच्या साड्यांचा वास एकदम अंगावर आला. माझी नजर वरच राहिली, ढमीने मात्र खाली डोकं घातलं, दोन खोके ढकलले आणि निळी सपात ओढून काढली. उजव्या बाजूला दाढ नाही, म्हणून डाव्या बाजूने धरली होती. सपात एका अंगाला लोंबत होती आणि तिचं तोंड वाकडं झालं होतं.

माझ्याकडे तिने बघितलंही नाही. सरळ पलंगापाशी गेली, हिच्या बाजूला सपात ठेवली, परत आली आणि दुसरी घेऊन गेली. मग दोन्हींच्या मध्ये हनुवटी टेकून बसली. मीही जाऊन तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. गुडघे बोंबलत होते, बोंबलू दिले. मी खूप रडलो, खारूताई. बरं वाटलं.

कपाट उघडंच ठेवलंय. सुताराला येऊ नको म्हणून सांगितलं. तो उंदराचं काय झालं म्हणून विचारत होता. मी म्हटलं की उंदीर मीच होतो.

ढमीचे दात आत्ताच घासून झाले. आता दिवा मालवण्याआधी एकच काम उरलंय, सपाता उचलून पुन्हा दाराशी ठेवायच्या. सकाळी तिला आणायच्या असतील.

पाय बरा झाला की ये. आम्ही दोघं वाट बघतो. वाट बघण्यात आमचा हात कुणी धरणार नाही.

तुझे,
दादा आणि ढमी